चेहऱ्यावरची रेष न हलवता घेतलेली फिरकी बाहेरदेशच्या पाहुण्याला समजवायची कशी?

वावरातला

राम राम मंडळी.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या भागात कापसाची शेती पाहायला बाहेरदेशचे गट येतात. एक गट मे अखेरीस, दुसरा वेचणी सुरू झाल्यावर. आठ-दहा माणसं, घराघरांत उतरतात. या खेपेच्या यादीत इंग्रज आहेत, जर्मन आहेत, दोघं जपानातल्या ओसाकाचे आणि एक पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला, म्हणजे तोही कापूसवालाच. दुभाषे सोबत असतात. वाण, माती, फवारणी, सगळं नीट सांगून होते. घोडं अडते ते पानठेल्यावर. आपला माणूस गंभीर तोंडानं फिरकी घेते, पाहुणा ते खरं समजून वहीत लिहून घेते, आणि नंतर कळलं की दिवसभर गप्प बसते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. समजावून आधी सांगायचं की नंतर? गावातल्या जुन्या गमती, ज्या गावालाच माहीत, त्या पाहुण्याला द्यायच्या का? आणि उलट्या बाजूनं, इंग्रज पाहुणा सरळ तोंडानं काही बोलला तर घरच्यांना काय सांगायचं?

किस्से नकोत राजेहो, किस्से आमच्याकडे पोतंभर आहेत. काम कसं करायचं ते सांगा.

---

दुभाष्या

वावरातला भाऊ, आधी फिरकी आणि गावातली जुनी गंमत ह्या दोन वेगळ्या ठेवा. दोन्हींत माणूस वेगळ्या ठिकाणी अडतो. फिरकीवर सांगतो, जुन्या गमतीवर दुसरं कोणी लिहील.

फिरकीचा साधा नमुना घ्या. मे महिना, दुपारचे चार, पारा ४६. पाहुणा रुमाल पिळून राह्यला.

पहिला: आज जरा बरं हाय.
दुसरा: हाव ना. पहाटे तं गोधडी घ्या लागली.
तिसरा (सुपारी कातरता कातरता, वर न पाहता): बुढा म्हणे, शेकोटी पेटवा.

पाहुणा लिहितो: पहाटे थंडी पडते.

पहिल्यानं आहे त्याहून कमी सांगितलं. दुसऱ्यानं त्याला हटकलं नाही, उलट पुष्टी दिली. तिसऱ्यानं घरचा म्हातारा साक्षीला आणला. एकट्यानं हे केलं असतं तर पाहुण्याला शंका आली असती. शंका आली की माणूस बाजूच्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि इथं बाजूचा मान डोलवून राह्यला. पाहुणा फसतो तो साक्षीदारामुळं. बहुतेक दुभाषे पहिल्या वाक्याचा अर्थ समजावत बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचं काम काय होतं ते सांगतच नाहीत.

यामागचं तत्त्व भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली छापलेल्या लेखात मांडलं आहे. बोलताना माणूस समोरच्याकडून खरं, पुरेसं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलणं गृहीत धरतो. समोरच्यानं हे उघड-उघड मोडलं की ऐकणारा आडचा अर्थ शोधायला लागतो. पण ते मोडलेलं दिसलं पाहिजे. मे महिन्यात गोधडी हे दारव्ह्यात कोणालाही दिसते. मँचेस्टरच्या पोराला इथली पहाट कशी असते तेच ठाऊक नाही. त्याच्या लेखी काही मोडलंच नाही, सरळ माहिती मिळाली.

म्हणून आधी काय सांगायचं, तर गंमत नाही, तिच्याखालची माहिती. उतरल्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी वीस मिनिटं काढा. त्यात ज्या विषयांवर हमखास फिरकी होते तेवढे आकडे द्या: मे महिन्यातला दिवसाचा आणि पहाटेचा पारा, कापसाचा एकरी उतारा, क्विंटलचा भाव, शेतीची लाईन दिवसा किती तास अन् रात्री किती तास, तालुक्याची एसटी दिवसातून किती वेळा. पाच आकडे बस झाले. पंधरा दिले तर पाहुणा तेही लिहून घेईल आणि वापरणार नाही.

मग चाल सांगा: पहिला कमी करून बोलतो, दुसरा दुजोरा देतो, तिसरा साक्ष आणतो, आणि हसणं लगेच येत नाही. कधी कधी पाहुणा उठून गेल्यावरच येते.

शेवटी पाहुण्याला चौथं वाक्य द्या. हे कोणी देत नाही, आणि फरक यानंच पडते. वरच्या नमुन्यात चौथं वाक्य: "मंग मायं स्वेटर कुठी हाय?" त्याच्या लिपीत लिहून द्या, दहादा म्हणवून घ्या, आणि बजावून सांगा की म्हणताना हसायचं नाही. ठेल्यावर तो जे मिळवेल ते दहा दिवसांच्या शिष्टाचारानं मिळणार नाही.

बिघडते कुठं, तर तीन जागी. पाहुणा पहिल्याच वाक्याला हसतो, मग दुसरा-तिसरा तोंड उघडत नाहीत. किंवा "मला कळलं, तुम्ही गंमत करता आहात" असं म्हणतो, म्हणजे खेळ बंद. नाही तर दुसऱ्याच्या आधी स्वतः घुसतो आणि चढ मोडतो. "खरंच?" असं विचारलं तर मात्र काही बिघडत नाही, ठेलेवाल्यांना ते हवंच असते.

दुभाष्यानं वाक्य जसंच्या तसं, त्याच तोंडानं, हळू आवाजात लगोलग सांगायचं. मध्ये "हा थट्टा करतो आहे" हे जोडायचं नाही. तिघांचं बोलणं संपल्यावर एकत्र सांगायला गेलात तर चढ दिसत नाही, तीन थंडीच्या बातम्या दिसतात.

आणि पाहुण्याच्या कानावर एवढं घालाच, की ज्याला गावानं आपलं मानलं नाही त्याला "या जी, बसा जी, चहा घ्या जी" मिळते. फिरकी मिळाली म्हणजे तो ओसरीवरून आत आला.

---

तर्रीपोहा

दुभाष्या भाऊ, आधीच सगळं सांगून टाकलं तर मजा काय राह्यली? फसू द्या ना एकदा. फसल्याशिवाय कळत नाही.

---

दुभाष्या

फसू द्याच. मी गोधडीचं सांगा म्हणालो नाही, पारा सांगा म्हणालो. पारा माहीत असून फसला तर रात्री स्वतःच हसते. पारा माहीत नसताना फसला तर त्याला वाटते आपल्याला येडं बनवलं.

बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमानं १ एप्रिल १९५७ ला स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागातल्या बाया झाडावरून स्पॅगेटी तोडून उन्हात वाळू घालताना दाखवल्या. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचं, म्हणजे भारदस्त बातमीचा आवाज. ब्रिटनच्या घरात तेव्हा स्पॅगेटी फारशी शिजत नव्हती. लोकांनी फोन करून रोप कसं लावायचं ते विचारलं, आणि तिकडून उत्तर गेलं की टोमॅटो सॉसच्या डब्यात एक काडी खोचा आणि चांगल्याची आशा धरा. गंभीर आवाज आणि ऐकणाऱ्याजवळ माहिती नसणं, दोन्ही एकत्र आले की इंग्रजसुद्धा फसतो, जो स्वतःला यात उस्ताद समजतो. युरोपात मध्ययुगात तर कापसाच्या झाडाला मेंढरं लागतात असंही मानणारे होते, तेव्हा कापसावरून पाहुण्यांची फिरकी घ्यायची परंपरा जुनी आहे.

---

तर्रीपोहा

मेंढराचं ठेल्यावर सांगतो. एकरी किती मेंढरं निघतात ते ठरवून घेऊ.

---

बोंडवेचणी

वावरातला भाऊ, तुम्ही पानठेलाच धरून बसले. गंमत वावरात बायांच्या पातीत जास्त होते आणि घरात त्याहून जास्त. तिथं पारा-भाव माहीत असून भागत नाही. कोण कोणाची थट्टा करू शकते ते माहीत लागते.

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाचा १९४० चा लेख याच विषयावर आहे. काही नात्यांत थट्टा करायची मुभाच असते, नव्हे ती अपेक्षित असते, आणि समोरच्यानं राग धरायचा नसतो. काही नात्यांत उलटं, अंतर ठेवायचं. आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजा-नातू, व्याही-व्याही हे मोकळे. सासरा-सून, भासरा (नवऱ्याचा मोठा भाऊ)-भावजय हे बंद. एकच वाक्य एका नात्यात गंमत आणि दुसऱ्यात भांडण असते, आणि पाहुण्याला तोंडं सारखीच दिसतात.

मालीच्या पाहुण्याला हे समजवायला दोन मिनिटं लागतील, जर्मनाला अर्धा तास. मालीत सानान्कुया नावाची रीत आहे. ठरावीक आडनावांच्या घराण्यांत थट्टेचं नातं असते, अनोळखी माणूस भेटला तरी आडनाव कळताच "तू तर चवळी खाणारा" म्हणून सुरू होते, आणि समोरचा तेच परत देतो. त्याला फक्त सांगा की आमच्याकडे हे आडनावावर नाही, सोयरिकीवर चालते. बाकी तो तुम्हाला शिकवेल.

करायचं काय: ज्या घरी पाहुणा उतरणार त्या घराच्या माणसांची यादी कागदावर करा. प्रत्येकापुढे दोनच खुणा, थट्टा चालते किंवा चालत नाही. पाहुण्याला घरात नातवाच्या जागी बसवा आणि सुरुवात आजीपासून करायला सांगा. आजी-नातवाचं नातं सगळ्यांत मोकळं, आणि आजीला पाहुणा चुकला तरी चालते. घरधन्याशी पहिले तीन दिवस काही नको.

जावयाची गंमत सगळ्यांना द्या, ती सोपी आहे. जावई वेचणीच्या वेळी वावरात आला की बाया एकमेकींत म्हणतात, "झालं बाई, आता सांजंलोक वावर मोकळं होते." यासाठी एकच माहिती लागते, की जावयाला कामाला हात लावू देत नाहीत आणि तोही लावत नाही. पाहुण्याला चौथं वाक्य: "त्यायले पाणी द्या, लय दमले." हे जावई ऐकत असताना म्हटलं तर चालते. जावयाचे सासरे ऐकत असतील तर नको.

अजून एक, हे पाहुण्यांना नाही, गावातल्या पोरांना बजावायचं. पाहुण्यांतल्या मुलींना कोणी हसत-हसत "वहिनी" म्हणायचं नाही. दीर-भावजयीची मुभा सोयरिकीतून येते, पाहुणी म्हणून घरात आली तिच्यासाठी ती नाही. ठेल्यावरच्या पोरांना याचा अर्थ पक्का ठाऊक आहे, न कळल्याचं सोंग करतात.

---

शकुंतला_एक्सप्रेस

जुन्या गमतीचं मी घेतो, आयडीच तसा आहे.

तुमच्याच दारव्ह्यातली गंमत घ्या. उशिरा येणाऱ्याला म्हणायचं, "शकुंतलेनं आला काय गा?" पाहुणा इंग्रजी अर्थ विचारेल. अर्थ देऊ नका, उगम द्या, आणि तीन वाक्यांत. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर अशी ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर एक गाडी चालायची, तिचं नाव शकुंतला. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आणि ती इतकी सावकाश जायची की तिच्यावर सगळा जिल्हा हसायचा आणि सगळा जिल्हा तिच्यातच बसायचा. आता गाडी बंद आहे, गंमत चालू आहे.

चौथं वाक्य सांगायला लागलं तर, अर्ध्यात उतरून पुन्हा चढण्याचं असू द्या: "हाव, मधात उतरून चहा घेतला, तरी सापडली."

उगम सांगितल्यावर वापर सांगायचा. कोण म्हणतो, कोणाला, कधी. ही गंमत आपल्या बरोबरीच्याला म्हणतात. मयतीला उशिरा आलेल्याला म्हणत नाहीत. पाहुण्यानं ती स्वतः वापरायच्या आधी दोन वेळा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली असावी, एवढा नियम पुरे.

देऊ नये अशा गमती: टोपणनावांच्या सगळ्या. गावात निम्म्या माणसांना टोपणनाव असते आणि त्यातली अर्धी माणसाच्या तोंडावर घेता येत नाहीत. पाहुण्याला कोणती अर्धी ते कळायचं नाही आणि तो मोठ्या प्रेमानं चौकात हाक मारेल. तसंच ज्या गमतीच्या मुळाशी कर्ज, जात, मोडलेलं लग्न किंवा मेलेला माणूस आहे ती नको. पाहुण्यानं विचारलंच तर "जुनं काही आहे" म्हणून सोडा. प्रत्येक हसण्याचा हिशोब द्यायलाच पाहिजे असं नाही.

---

काडीमोड_इंजिनिअर

सगळं बरोबर, पण एक कुंपण घाला. जिथं जीवाला धोका आहे तिथं फिरकी बंद, गाववाल्यांचीही आणि पाहुण्यांचीही. फवारणी, साप, विहीर, आणि रानडुकरं-रोह्यांसाठी (नीलगाईंसाठी) लावलेली तार. "हात लावा, करंट नाही यात" हे वाक्य ठेल्यावर गंमत असेल, धुऱ्यावर नाही. फवारणीचं तर बोलूच नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले आहेत, त्यावर कोणी सरळ तोंडानं "काही होत नाही, पिऊन पाहा" म्हटलं आणि पाहुण्यानं मान डोलवली तर पुढं काय ते सांगायला नको.

कमी करून बोलण्याची सवय धोक्याच्या जागी कशी भोवते याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण कोरियन युद्धातलं आहे. एप्रिल १९५१, इम्जिन नदी. ग्लॉस्टरशायर पलटणीला चिनी फौजेनं वेढलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर." इंग्रजाच्या कानाला याचा अर्थ होता की आता सगळं संपत आलं आहे. अमेरिकनानं ऐकलं ते असं, की जरा अडचण आहे पण निभावते आहे. पलटण सुटली नाही, बहुतेक माणसं मारली गेली किंवा पकडली गेली. दोघांची भाषा एक, दोघं एकाच बाजूचे.

म्हणून नियम असा ठेवा: धोक्याच्या गोष्टी आकड्यात आणि आज्ञार्थात सांगायच्या. "या तारेपासून दहा फूट लांब राहा." याला गंमत जोडायची नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. नाही तर पाहुण्याला कळत नाही की आता कोणता सूर चालू आहे.

---

वावरातला

काडीमोड भाऊ, हे पहिल्याच दिवशी सांगतो. तारेचं तर सगळ्यांत आधी.

इंग्रजांचं तुम्ही काढलंच आहे तर तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. घरच्या बाईनं मन लावून पाटवडी-रस्सा केला, पाहुणा म्हणाला "नॉट बॅड", दुभाष्यानं "वाईट नाही" सांगितलं. आता काय करायचं?

---

दुभाष्या

दुभाष्याला बाजूला घ्या आणि सांगा की शब्द नको, वजन सांग. इंग्रज "नॉट बॅड" बहुतेक वेळा खरंच आवडल्यावर म्हणतो. आपल्याकडे सासरा दोनदा वाढून घेऊन "जमलं" एवढंच म्हणते ना, तेच. बाईला सांगा, "जमलं म्हणते." तिला लगेच कळते की पातेलं आत नेऊ नये.

"क्वाइट गुड" जरा जपून. इंग्रजाच्या तोंडी ते पुष्कळदा ठीकठाक असते, अमेरिकनाच्या तोंडी खरी तारीफ. "इंटरेस्टिंग" म्हणत ताटातला ठेचा कडेला सारला असेल तर ठेचा उचलून घ्या, विचारू नका. "आय विल बेअर इट इन माइंड" म्हणजे होणार नाही. एखाद्या बेताला "ब्रेव्ह" म्हटलं तर त्याला तो बेत येडेपणाचा वाटते.

पाहायचं काय, तर हात. आवडलं असेल तर वाक्य कितीही थंड असो, हात रश्श्याकडे जाते. जर्मन पाहुण्यांची याच्या उलट गफलत होते. ते "तिखट जास्त आहे" असं सरळ सांगतात आणि घरची बाई त्यात फिरकी शोधत बसते. तिला सांगा, यात काही नाही, तिखट कमी कर.

---

रात्रीची_लाईन

तुमचा गटाचा व्हॉट्सअप ग्रुप असेलच. तिथं वरचं काहीच चालत नाही, कारण तिथं तोंडच नाही.

क्रूगर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास आहे. काही वाक्यं खरी, काही उपरोधाची, कोणी इमेलनं पाठवली, कोणी आवाजात सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटलं शंभरातली ७८ ओळखली जातील. आवाजात ७३ ओळखली गेली. इमेलमध्ये ५६, म्हणजे नाणं उडवून सांगितलं तर जेवढी जुळतील त्याच्या थोडीच वर. तेही एका भाषेच्या माणसांत. :-) हे चिन्ह स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक फलकावर सुचवलं ते ह्याच रडगाण्यामुळं. गमतीच्या नोंदी लोक खऱ्या समजत होते.

ग्रुपसाठी करायचं ते असं. कामाचा निरोप आणि गंमत एका संदेशात नको. "उद्या सहाला निघायचं, उशीर झाला तर बैल वाट पाहणार नाहीत" यातलं बैलांचं खरं की खोटं यावर ओसाकाचे दोघं रात्रभर झोपणार नाहीत आणि साडेचारला तयार बसतील. निरोप आधी, वेगळा. गंमत नंतर, तीही फोटोसह.

आकडा वापरत असाल तर शक्यतेच्या पार बाहेरचा घ्या. अर्धवट शक्य आकडा सगळ्यांत वाईट. "आमची जोडी ताशी ४० नं पळते" म्हटलं तर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेला माणूससुद्धा क्षणभर विचार करेल. "१८० नं पळते, गिअर टाकावा लागते" म्हटलं की कोणाच्याही देशात कळते. गावातल्या गावात बोलताना वाढवायला कमी लागते, बाहेरच्यासाठी जास्त. आणि हसरा चेहरा टाकायचा तर वाक्याच्या शेवटी टाका. आपल्या लोकांना त्यानं चव गेल्यासारखं वाटते, पण हा ग्रुप आपल्या लोकांचा नाही.

---

झाडीचा_गडी

मी पूर्वेकडचा, गडचिरोली-वडसा बाजूचा, म्हणून थोडं वेगळं सांगतो.

पाहुण्यांना एकदम ठेल्यावर नेऊ नका. आधी असा विनोद दाखवा ज्यात "आता हसा" ही खूण रचनेतच आहे. पोळ्याला आले तर झडत्या ऐकवा. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, एक जण सरळ तोंडानं सरपंचापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना धुतो, आणि शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" झाला की सगळे ओरडतात. पाहुण्याला शब्द कळले नाहीत तरी कुठं संपलं ते कळते. दुसऱ्या-तिसऱ्या झडतीला तो बरोबर जागी ओरडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला नेता आलं तर मारबतीची मिरवणूक दाखवा. तिथले बडगे म्हणजे चालू राजकारणावरची टीकाच, पुतळा पाहून विषय सांगितला की बस.

वेचणीच्या गटाला झाडीपट्टीचं नाटक दाखवा, दिवाळीनंतर हंगाम लागते. रात्रभर चालते, म्हणून दुपारी झोपवा. विनोदी पात्र बोललं की दुभाष्यानं प्रेक्षकांकडे बोट दाखवायचं, मंचाकडे नाही. कोणत्या ओळीला बाया हसल्या आणि कोणत्या ओळीला म्हातारे, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होते.

ओसाकावाल्यांसाठी दुभाष्या भाऊंच्या साक्षीदाराच्या मुद्द्याला एक जोड. त्यांच्याकडे मानझाई नावाचा दोघांचा विनोद आहे. बोके नावाचा गडी येड्यासारखं बोलतो आणि त्सुक्कोमी लगेच त्याला हटकतो, कधी टपली मारतो. हटकलं की लोकांना कळते, इथं हसायचं. आपल्या ठेल्यावर हटकणाराच नाही, उलट दुजोरा देणारा आहे. त्यांना एवढंच सांगा: "इथं त्सुक्कोमी नसतो. तो तुमच्या मनात." हे त्यांना अर्ध्या मिनिटात समजते, बाकी ग्राइस-बिइस नाही लागत.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीतही पाहुण्यांना सांगण्यासारखी आहे. बाबा साधे प्रश्न विचारत, लोक हो-हो करत उत्तर देत, आणि चार-पाच हो नंतर असा प्रश्न येई की लोकांना स्वतःच्याच उत्तरावर हसू येई आणि लाजही वाटे. वऱ्हाडी माणसाला सरळ तोंडानं प्रश्न विचारून अडकवायची सवय जुनी आहे. पाहुण्याला सलग तीन सोपे प्रश्न विचारले गेले तर चौथ्याला सावध राहा म्हणावं.

तुमच्या गटासाठी एक झडती बांधून देतो, म्हणवून घ्या:

पाहुणा आला दुरून,
ठेचा गेला खाऊन,
रातभर बसला तांब्या घेऊन,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

---

तर्रीपोहा

झडती पास. इंग्रजांना म्हणायला लावा, तांब्याचा उपयोग आधी समजावून.

---

वावरातला

झाडीचे गडी, धन्यवाद जी. एक शेवटचं. भावाची गंमत आमच्याकडे रोजची आहे: "कापसाचा भाव वाढला." "केव्हा?" "आपला इकून झाल्यावर." यावर ठेला हसत नाही, नुसता हुंकार देते. पाहुण्याला वाटते दुःखाची बातमी आहे, ते तोंड पाडून बसतात.

---

बोंडवेचणी

दुःखाची आहेच. तिचं कारण आधी सांगा. पहिल्या वेच्याचा कापूस दिवाळीच्या तोंडावर घरात येतो, त्याच वेळी दुकानदाराची उधारी, वेचणीची मजुरी, पोरांची फी उभी असते. ज्याला थांबायची ताकद आहे तोच पुढच्या भावाची वाट पाहते. ज्याला नाही त्याचा कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात, आणि नंतर वाढला तर तो भाव गोदामाचा. एवढं कळल्यावर पाहुण्याला कळेल की हसणं का येत नाही आणि तरी गंमत का चालते.

जर्मनांत पूर्वेकडचा कोणी वयस्क असेल तर त्याला रेडिओ येरेवानची आठवण द्या. सोव्हिएत काळात त्या काल्पनिक रेडिओच्या नावावर प्रश्नोत्तरांचे विनोद पूर्व युरोपभर चालत. श्रोता विचारतो, हे खरं का? रेडिओ म्हणतो, "तत्त्वतः होय, पण..." आणि पणच्या पुढं सगळं उलटं. आपल्या भावाच्या गमतीचा साचा तोच आहे. त्याला म्हणा, "कापसाला चांगला भाव मिळतो का?" "तत्त्वतः होय, पण कापूस नसलेल्याला." तो हसणार नाही, हुंकार देईल. मग ठेल्यावर नेऊन बसवा.

पाहुण्यानं यावर चौथं वाक्य म्हणायचं नाही. ही गंमत ज्याचा कापूस गेला त्याचीच. त्यानं फक्त बाकीच्यांसारखा "हं" करायचा.

---

रात्रीची_लाईन

फोनचं राह्यलं. पाहुणे ठेल्यावर बसले की शूटिंग सुरू करतात. पहिले दोन दिवस बंद ठेवा. फोन उभा राहिला की आपली माणसं एक तर गप्प बसतात नाही तर हातवारे करून नाटक करतात, आणि दोन्हींत फिरकी मरते. तिसऱ्या दिवसानंतर फोन बाकड्यावर उलटा ठेवून नुसता आवाज घ्यायचा असेल तर ठेलेवाल्याला विचारून घ्या. रात्री दुभाष्यानं तो आवाज पाहुण्यांना पुन्हा ऐकवायचा आणि दर वाक्यानंतर थांबवून विचारायचं, आता कोण बोलला, त्यानं पुष्टी दिली की चढ वाढवला. दहा मिनिटांच्या वर नको, जेवणं थंड होतात.

---

वावरातला

ठेलेवाल्याला विचारलं. हो म्हणाला, पण आवाजाचे वेगळे पैसे लागतील म्हणे. खरंच म्हणाला की कसं ते उद्या सांगतो.